लघवीतून रक्त, मुतखड्याचा संशय, आणि शेवटी निघाला आफ्रिकेतल्या तलावातला कृमी

मुलुंडची_रेवा | १७ ऑगस्ट, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं गेले दोन आठवडे चाललंय, शेवटी नवराच म्हणाला लिही, कुणाच्या तरी कामी येईल, म्हणून बसले. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

नवरा दोन वर्षं मलावीला होता, ब्लांटायरला, पाईपच्या कारखान्यात मेन्टेनन्सला. एप्रिलमध्ये काँट्रॅक्ट संपलं आणि घरी आला. जूनच्या शेवटी एके दिवशी सकाळी बाथरूममधून हाक मारली, आवाज असा की माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. लघवी सुरुवातीला नेहमीसारखी, आणि संपता संपता लाल थेंब. दुखत नव्हतं, ताप नाही, काही नाही. सासूबाई म्हणाल्या उन्हाळी लागली असणार, धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं, बार्ली सुरू केली. चार दिवस बरं वाटलं मग परत तेच.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. मग मुतखड्याची शंका, सोनोग्राफी. खडा नाही पण मूत्राशयाची भिंत एका बाजूला जाड दिसतेय असं लिहून आलं. त्यानंतर यूरॉलॉजिस्ट. त्यांनी दुर्बिणीने आतून बघितलं, पिवळसर दाणेदार ठिपके दिसले, त्यांनी तुकडा काढला आणि बाहेर येऊन मला बाजूला घेऊन म्हणाले टीबी असू शकतो, किंवा दुसरं काही, रिपोर्ट येऊ द्या. दुसरं काही म्हणजे काय ते मला कळलं. बायोप्सीचा रिपोर्ट यायला सहा दिवस लागले. ते सहा दिवस आम्ही दोघं एकमेकांशी फक्त दुधाचं बिल आणि पोरीची शाळा यावरच बोलत होतो.

रिपोर्ट आणायला मी गेले तर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं मॅडमना बोलायचंय. आत पॅथॉलॉजिस्ट बाई होत्या, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मिस्टर आफ्रिकेत कुठल्या तळ्यात, नदीत पोहले होते का?"

तीन डॉक्टर झाले होते तोपर्यंत. कुणीच हे विचारलं नव्हतं. आणि आम्हीही सांगितलं नव्हतं, कारण तलावात पोहणं आणि लघवीतलं रक्त यांचा संबंध असेल असं डोक्यात कसं येणार.

पोहला होता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कारखान्यातली पाच-सहा मुलं मलावी सरोवरावर गेलेली, केप मॅक्लिअरला. फोटो आहेत माझ्याकडे, पाणी इतकं स्वच्छ की पायाची बोटं दिसतायत. त्याच रात्री पायांना खाज सुटलेली, बारीक लाल पुरळ, त्याला वाटलं वाळूतले किडे. मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला दहा दिवस ताप, कोरडा खोकला, अंगावर पित्तासारख्या गांधी. तिकडे मलेरियाची टेस्ट झाली, निगेटिव्ह आली, ताप आपोआप गेला आणि सगळे विसरून गेले. इकडे आल्यावर रक्त तपासलं तर इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, जंत असले की वाढतो) १४ टक्के. जंत असतील म्हणून अल्बेंडाझोलची गोळी दिली होती. आता कळतंय की ती गोळी या कृमीवर चालतच नाही.

रोगाचं नाव बिलहार्झिया, शास्त्रीय नाव शिस्टोसोमियासिस. औषध झालंय, प्राझिक्वांटेल, ७५ किलो वजनाला ६०० च्या पाच गोळ्या, एकाच दिवसात दोन वेळा विभागून, जेवणानंतर. कडू जहर लागते म्हणाला. मुलुंडमधल्या चार दुकानांत मिळाली नाही, पाचव्याने दुसऱ्या दिवशी मागवून दिली, मेंदूतल्या टेपवर्मसाठी वापरतात म्हणे म्हणून इथे मिळते तरी.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, हे घरात पसरतं का? आमचं वन बीएचके आहे, एकच संडास-बाथरूम, मुलगी सात वर्षांची. सासूबाईंनी त्याचं ताट-वाटी वेगळी केलीये आणि मला त्यांना नाही म्हणवत नाहीये. दुसरं, पुढे काय लक्ष ठेवायचं?

---

दादरच्या_मावशी | १७ ऑगस्ट, रात्री ११.१५

रेवा, वाचून पोटात खड्डा पडला ग. बाळा तू एकटीने कसे काढलेस ते सहा दिवस. हा म्हणजे आपला नारूच का? माझ्या माहेरी, लहानपणी गावात नारू होता, पायातून दोऱ्यासारखा निघायचा, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे, तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर पडून.

---

सेंट्रल_लाईन | १८ ऑगस्ट, सकाळी ७.२०

मला तर लेप्टोच आठवला. दरवर्षी पावसात गुडघाभर पाण्यातून गेलो की डॉक्टर गोळ्या देतात. तसंच आहे का हे?

---

स्लाईडवाली | १८ ऑगस्ट, दुपारी १.०५

मी मायक्रोबायोलॉजीत आहे, लॅबमध्येच आयुष्य गेलं, मुंबईतच. लंच ब्रेकमध्ये लिहितेय म्हणून तुटक होईल.

रेवाताई, पहिलं उत्तर पहिलं. ताट-वाटी आजच एकत्र करा. हा रोग माणसाकडून माणसाला थेट होत नाही. ताटातून नाही, संडासातून नाही, शेजारी झोपून नाही. त्याला मध्ये गोगलगाय लागते आणि ती पण ठराविक जातीची, गोड्या पाण्यातली. कसं होतं सांगते. रोगी माणसाच्या लघवीतून (किंवा दुसऱ्या जातीत शौचातून) अंडी बाहेर पडतात, ती तळ्यात-नदीत गेली की फुटून त्यातून सूक्ष्म पिल्लू निघतं, ते काही तासांत गोगलगाय शोधतं, तिच्या अंगात शिरतं, तिथे काही आठवडे वाढतं, एकाचे हजारो होतात आणि मग शेपटी फुटलेल्या अळ्या, सर्केरिया म्हणतात त्यांना, पाण्यात सुटतात. दिवसा उजेडी सुटतात, म्हणजे नेमकं लोक पोहायला येतात तेव्हा. माणूस पाण्यात उतरला की काही मिनिटांत धडधाकट कातडीतून आत, जखम असायची गरज नाही. शेपटी बाहेरच गळते. रक्तातून फुप्फुस, मग यकृत, तिथे मोठे होतात, जोडी जमते, आणि मग मूत्राशयाच्या नाहीतर आतड्याच्या शिरांमध्ये कायमचं घर. नराच्या अंगाला एक खोबण असते, मादी त्यात राहते, जन्मभर. सर्वसाधारण तीन ते पाच वर्षं जगतात, काही केसेसमध्ये कितीतरी जास्त.

तुमच्या घरातल्या संडासात ती गोगलगाय नाही, त्यामुळे साखळी तिथेच तुटते. मुलीला काही होणार नाही. सासूबाईंना हे एवढंच वाचून दाखवा.

तुम्ही लिहिलेला ताप-खोकला-गांधी, पोहल्यानंतर पाचेक आठवड्यांनी, त्याला कातायामा ताप म्हणतात, जपानमधल्या एका जागेच्या नावावरून. आणि शेवटी शेवटी रक्त, हे तर या रोगाचं पुस्तकातलं लक्षण आहे. त्रास कृमी देत नाही एवढा, अंडी देतात. अर्धीअधिक बाहेर पडतच नाहीत, मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात आणि शरीर त्यांच्याभोवती गाठी करतं. ते पिवळसर ठिपके तेच.

---

स्लाईडवाली | १८ ऑगस्ट, दुपारी १.२८

मावशी, नारू वेगळा. नारू पाणी पिऊन व्हायचा, पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव असायचा, त्याच्या पोटात नारूची अळी. म्हणून तर दुहेरी फडक्यातून पाणी गाळून प्यायला शिकवलं. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. औषध नव्हतं, लस नव्हती, फडकं आणि विहिरी सुधारून घालवला. बिलहार्झियात पाणी गाळून प्यायलात तरी अंघोळ त्याच पाण्याने केलीत तर लागण होते, तिथेच फरक.

लेप्टो तर जंतू, कृमी नाहीच, तो उंदीर-गुरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि आठ-दहा दिवसांत जोरात आजारी पाडतो. लेप्टोसाठी पावसात देतात त्या डॉक्सीच्या गोळ्यांचा यावर उपयोग नाही.

---

रत्नांग्रीकर | १८ ऑगस्ट, रात्री ९.५०

रेवाताई, मी डॉक्टर नाही पण आमच्या जिल्ह्याची गोष्ट आहे म्हणून सांगतो. हा रोग फक्त आफ्रिकेचा असं सगळे समजतात. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी नावाचं गाव आहे, तिथे हाच लघवीतून रक्त जाणारा बिलहार्झिया सापडला होता. मुंबईच्या गाडगीळ आणि शहा या दोघांनी १९५२ मध्ये तो कागदावर आणला. पुढे त्यांनी फेरिसिया नावाची चिमुकली गोगलगाय पण दाखवली, शंखाच्या पिळाऐवजी टोपीसारखी असते ती. आफ्रिकेतली गोगलगाय वेगळी, बुलिनस. वैद्यकीच्या पुस्तकात आजही भारतातली जागा म्हणून गिमवीचंच नाव येतं.

माझं म्हणणं एवढंच की तेव्हा कुणीतरी गावात जाऊन लोकांची लघवी तपासली, ओढ्यातल्या गोगलगायी गोळा केल्या, म्हणून कळलं. आणि आज मुंबईत एवढी मशिनं असून "पाण्यात उतरला होतात का" एवढं विचारायला चौथा डॉक्टर लागतो, याचं वाईट वाटतं.

---

भटका_सह्याद्री | १९ ऑगस्ट, सकाळी ८.१०

आम्ही दर पावसाळ्यात धबधबे, कोंढाणे, भिवपुरी, नेरळ साईड सगळीकडे पाण्यात असतो. गिमवीचं वाचून टरकलो. काय करायचं मग? आणि भाताच्या लावणीला गावी गेलो की पायांना जी खाज सुटते ती पण हीच का?

---

स्लाईडवाली | १९ ऑगस्ट, दुपारी १.१२

गिमवीसारखी तुरळक नोंद सोडली तर माणसाचा बिलहार्झिया भारतात ठाण मांडून नाही, त्यामुळे धबधब्याखाली उभं राहून तो होईल अशी भीती घेऊ नका. धबधब्यात माणसं बुडून मरतात, ती भीती जरूर घ्या.

खाजेचं मात्र बरोबर पकडलंत. गुराढोरांचे शिस्टोसोम आपल्याकडे आहेत. त्यांच्या अळ्या शेताच्या पाण्यात असतात, माणसाच्या कातडीत शिरतात पण पुढे जाऊ शकत नाहीत, तिथेच मरतात, म्हणून नुसती खाज आणि पुरळ, तीही थोड्या दिवसांत जाते. त्यातलीच एक जात बैलांच्या नाकाच्या शिरांत राहते आणि जनावर घोरल्यासारखा आवाज करतं. गावाकडच्या जुन्या माणसांना विचारा, घोरणारा बैल पाहिलेला असेल कुणीतरी.

---

अंधेरी_वेस्ट | १९ ऑगस्ट, रात्री ११.३०

मी घाबरून विचारतेय, कृपया कुणीतरी उत्तर द्या. माझी मुलगी पुढच्या महिन्यात युगांडाला चाललीये सहा महिन्यांसाठी, शाळेत शिकवायला, जिंजा म्हणून गाव आहे, नाईल तिथूनच निघते. यलो फीवरची लस झाली, मलेरियाच्या गोळ्या घेतल्या, मच्छरदाणी घेतली. पाण्याबद्दल आम्हाला कोणी अक्षरही बोललं नाही. तिचा तिथे राफ्टिंगचा प्लॅन आहे.

---

स्लाईडवाली | २० ऑगस्ट, सकाळी ६.४५

काकू, घाबरू नका, वेळेवर विचारलंत. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाला आतड्याचा प्रकार आहे, मॅन्सोनी, त्यात लघवीत रक्त येत नाही, पोटदुखी, जुलाब, शौचात रक्त, आणि वर्षानुवर्षं राहिला तर यकृत खराब होतं. याची लस अजून बाजारात नाही. आधी घ्यायची गोळीही नाही. म्हणून पाण्याशी संबंधच टाळायचा.

समुद्राचं खारं पाणी चालतं, क्लोरीनवाला स्विमिंग पूल चालतो. तलाव, नदी, कालवा, डबकं यात उतरायचं नाही, पाय सोडून बसायचंही नाही. अंघोळीचं पाणी थेट तलावातून येत असेल तर उकळी काढून मग गार करून घ्यायचं, किंवा टाकीत गोगलगायी येणार नाहीत अशा रीतीने दोन दिवस साठवून मग वापरायचं, अळ्या गोगलगायीबाहेर साधारण दोन दिवसांच्या वर तगत नाहीत. चुकून पाण्यात पडलीच तर टॉवेलने खसखसून पुसावं, पण त्यावर विसंबून मुद्दाम उतरू नये. आणि हॉटेलवाला म्हणाला आमच्याकडचा किनारा सेफ आहे, तर ऐकून घ्यायचं आणि उतरायचं नाही.

राफ्टिंगचं मी आई म्हणून सांगते, नको म्हणा. केलंच तर परत आल्यावर दोन-अडीच महिन्यांनी तपासणी, त्रास असो नसो. लगेच करून फायदा नाही, रक्तातल्या अँटिबॉडी यायला वेळ लागतो, अंडीही मिळत नाहीत. आणि गोळी पण लगेच घेऊन चालत नाही, प्राझिक्वांटेल मोठे कृमी मारतं, कोवळ्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

एक मुलींच्या बाबतीत. लघवीवाल्या प्रकारात अंडी गर्भाशयाच्या मुखाजवळ, योनीमार्गातही अडकतात. अंगावरून रक्त जाणं, दुखणं, आणि बायका लाजेने बोलत नाहीत, डॉक्टर लैंगिक आजार समजतात. तिला हे आधीच सांगून ठेवा.

---

अंधेरी_वेस्ट | २० ऑगस्ट, सकाळी ९.०२

खूप खूप आभार ताई. प्रिंट काढून तिच्या बॅगेत ठेवतेय.

---

निवृत्त_गोदीवाला | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

मी जहाजावर होतो, पोर्ट सैद, अलेक्झांड्रिया कितीदा झालं. इजिप्तमधले लोक या रोगाबद्दल आपण मलेरियाबद्दल बोलतो तसे बोलायचे. हजारो वर्षांच्या ममींच्या मूत्रपिंडात याची अंडी सापडलीयत, १९१० साली. बिलहार्झ नावाचा तरुण जर्मन डॉक्टर कैरोला होता, त्याने १८५१ मध्ये प्रेतं तपासताना हा कृमी पहिल्यांदा शोधला, म्हणून त्याचं नाव.

पण मला दुसरीच गोष्ट राहून राहून आठवते. तिथे १९५० पासून १९८० च्या सुमारापर्यंत गावोगावी याची इंजेक्शनं द्यायचे, टार्टार एमेटिक म्हणून औषध, एका माणसाला डझनभर टोचण्या. सुया नीट उकळत नसत, त्याच त्याच वापरायचे. कृमी गेला पण हेपटायटिस सी देशभर पसरला, पुढची कित्येक वर्षं इजिप्तचा आकडा जगात सगळ्यात वरच्यांत होता. चांगल्या मनाने केलेलं काम. आमच्या बंदरावरचा एक कुली दंडावरच्या टोचण्यांच्या खुणा दाखवायचा, नंतर त्याचं पोट पाण्याने फुगलं होतं, ते डोळ्यासमोरून जात नाही.

रेवा, तुझ्या नवऱ्याला एका दिवसाच्या गोळ्यांत सुटका मिळाली, हे फार मोठं आहे पोरी.

---

मुलुंडची_रेवा | २१ ऑगस्ट, रात्री १०.१५

काका, वाचून अंगावर काटा आला.

स्लाईडवाली ताई, सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची वाटी परत मांडणीवर आमच्या वाट्यांत पालथी घातलेली दिसली. तेवढ्याने मला रडू आलं.

अजून एक. तलावावर गेलेली बाकीची मुलं? एक नाशिकला आहे, दोघं अजून तिकडेच, एक कोल्हापूरचा. कुणालाच काही त्रास नाहीये. त्यांना सांगू का, की उगाच घाबरवल्यासारखं होईल?

---

स्लाईडवाली | २२ ऑगस्ट, दुपारी १.४०

आजच सांगा. त्रास नसणं म्हणजे कृमी नसणं नाही, कित्येकांना वर्षानुवर्षं काही जाणवत नाही आणि अंडी साठत राहतात. मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो यातून, लांबच्या काळात, म्हणून मी जोर देतेय. जगात २५ कोटींच्या आसपास लोकांना यासाठी औषधाची गरज आहे आणि त्यातले बहुतेक आफ्रिकेत, तलावाकाठची पोरं, धुणं धुणाऱ्या बायका, त्यांना पाण्यात न उतरण्याचा पर्यायच नाही. आपल्या मुलांना एक फोन करून टेस्ट करायचा पर्याय आहे.

लघवी द्यायची ती सकाळची पहिली नाही. सगळ्या लॅब सकाळची मागतात, इथे उलटं आहे. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मध्ये, तेव्हा अंडी सगळ्यात जास्त पडतात. आणि शेवटचे थेंब आलेच पाहिजेत डबीत, सुरुवातीची धार धरून उरलेली संडासात सोडली तर उपयोग नाही. तीन वेगवेगळे दिवस द्या. फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहायला सांगा, "मलावी सरोवर, शिस्टोसोमाची अंडी बघा". नाहीतर रुटीनमध्ये कुणी त्या नजरेने बघत नाही. दिसायला लांबोळकं, आणि एका टोकाला बारीक काटा, एकदा दिसलं की विसरत नाही. मॅन्सोनीच्या अंड्याला काटा बाजूला असतो.

तुमच्या मिस्टरांची लघवी तीन महिन्यांनी परत बघायची, इओसिनोफिल पण. अंडी दिसलीच तर गोळ्यांचा दुसरा डोस. मधल्या काळात थोडं रक्त दिसलं तर लगेच हबकू नका, भिंत भरून यायला वेळ लागतो, पण यूरॉलॉजिस्टना कळवा. मुंबईत कुणाला कुठे जायचं कळत नसेल तर संसर्गजन्य रोगांसाठी पालिकेचं कस्तुरबा आहे, किंवा कुठल्याही मोठ्या रुग्णालयातले इन्फेक्शियस डिसीजचे डॉक्टर.

---

सेंट्रल_लाईन | २२ ऑगस्ट, रात्री ८.०५

दोन वर्षांपूर्वी टांझानियाला कंपनीच्या कामाला गेलो होतो, म्वांझाला, रविवारी सगळे व्हिक्टोरिया सरोवरावर. मी पण उतरलेलो, कमरेपर्यंत. परवा लेप्टोचं विचारत होतो तेव्हा हे डोक्यातच नव्हतं आलं. सोमवारी जातो.

---

मुलुंडची_रेवा | २३ नोव्हेंबर, रात्री ९.२०

धागा वर काढतेय. नवऱ्याची तीन दिवसांची लघवी झाली, दुपारी बाराची, ऑफिसातून रिक्षाने लॅबमध्ये नेऊन दिली रोज. अंडी नाहीत. इओसिनोफिल ४ टक्के. सोनोग्राफीत भिंत बऱ्यापैकी नॉर्मल झालीये, सहा महिन्यांनी परत दाखवायला सांगितलंय.

नाशिकच्या मित्राला त्याच रात्री फोन केला होता. तो हसला, म्हणाला मी ठणठणीत आहे वहिनी, रोज गोदाकाठी पळतो. त्याच्या बायकोला फोन लावला मग. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशीच्या सॅम्पलमध्ये चार अंडी, टोकाला काटा. लॅबच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बघितली म्हणे, स्लाईड ठेवून घेतलीये त्याने. कोल्हापूरच्याची निगेटिव्ह आली. तिकडच्या दोघांना तिथल्याच दवाखान्यात गोळ्या मिळाल्या, तिकडे डॉक्टरला नावही सांगावं लागलं नाही.

सेंट्रल लाईन दादा, तुमचं काय झालं?

---

सेंट्रल_लाईन | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

शौच तपासलं तीनदा, काही नाही, पण रक्ताची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले गेलेला असाल तर घेऊनच टाकू. गेल्या शनिवारी गोळ्या घेतल्या. खरंच कडू आहेत.